श्रावणातली अंडी

कोंबड्या पाळायच्या म्हणून कोणी माझ्याकडे सल्ला विचारायला आलं, की मी आधी विचारते, "घरात खारे मासे कुठे ठेवता?" माणसं हसतात. त्यांना खुराडं केवढं बांधायचं, दाणा कोणता घालायचा, पिल्लं जगवायची कशी ते हवं असतं. मी ते सगळं सांगते, हात राखून नाही सांगत. पण मिठाचं आधी. हे शहाणपण माझं नव्हे, एका मासेवालीचं आहे. ती आमच्या दाराशी मासे विकायला यायची आणि तिचे उपकार माझ्यावर इतके आहेत की हे लिहिताना कुठून सुरू करावं ते कळत नाही.

गोवा सुटायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. आमचं घर मालवणपासून दोन कोस आत, थोडी भातशेती, पंधरा-वीस माड. नवरा मुंबईला नोकरीला, घरात मी, सासूबाई आणि माझी चार वर्षांची मुलगी. त्या वर्षी शिमग्याच्या आधी मुलीला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस म्हणतात, तिचा तीसच्या वर गेला. ताप उतरला तेव्हा तिच्या डोक्यावरचे केस गेले होते आणि पायांत उभं राहण्याचं बळ नव्हतं. भिंत धरून दोन पावलं टाकायची की बसायची.

मालवणचे डॉक्टर म्हणाले, "बाई, हिच्या अंगात आता ताप नाही, पण ताकदही नाही. रोज एक अंडं द्या, अर्धकच्चं. पावसाळ्याआधी अंग भरलं पाहिजे. अशा अंगानं पावसात पुन्हा ताप आला, तर मी शब्द देऊ शकत नाही."

रोज एक अंडं! आमच्याकडे तेव्हा कोंबडीचं पीसही नव्हतं. सासूबाईंना कोंबड्यांचा तिटकारा, घरापुढचं खळं घाण करतात म्हणून. शेजारून दोन दिवस अंडं आणलं, तिसऱ्या दिवशी शेजारणीचं तोंड बघून मी परत आले. मागत फिरायची मला सवय नव्हती आणि मिजास होती थोडी, खोटं कशाला बोलू?

मासेवाली रोजच्यासारखी आली. वयानं माझ्या आईएवढी, काळीकुळकुळीत, आवाज असा की चार घरांपलीकडे बांगड्याचा भाव कळावा. मी तिला मावशी म्हणायची. मी मासे न बघताच "आज नको" म्हटलं तशी ती टोपली उतरवून पायरीवर बसली आणि काय झालं ते तिनं काढून घेतलं.

"वयनी, मागान हाडलेला अंडां किती दिस पुरतला?" ती म्हणाली. "कोंबड्यो पाळ. माका इचार, मी सांगतंय."

मी माहेरी निरोप धाडला. माझं माहेर कट्टा गावाच्या पलीकडे. वडिलांनी आठवड्याच्या आत पाच कोंबड्या आणि एक कोंबडा पाठवून दिला. दोघां गड्यांच्या डोक्यावर दोन हारे, आणि हाऱ्यांतून सगळ्या वाटेनं कलकलाट. सासूबाईंनी तिटकारा गिळला. नातीचा प्रश्न होता.

खुराडं मी हौसेनं बांधून घेतलं. जांभ्याच्या फुटक्या चिऱ्यांचं, जमिनीवरच, पश्चिमेला तोंड करून, म्हणजे मला स्वयंपाकघरातून दिसावं. वर तुळशीवृंदावनासारखी नक्षीसुद्धा केली. मावशीनं दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यां कोंबड्यांचा घर काय गो, का देवाचा देऊळ? पावस खंयसून येता म्हायत आसा मा तुका?"

पाऊस समुद्राकडून येतो, म्हणजे पश्चिमेकडून. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला नक्षीच्या नादात सुचलं नव्हतं. सगळं मोडलं. मग तिनं सांगितलं तसं केलं आणि आजही मी तसंच सांगते. खुराडं जमिनीपासून हातभर वर, चार चिऱ्यांच्या खांबांवर, म्हणजे खालून ओल चढत नाही आणि झाडायला सोपं जातं. तोंड उगवतीला. कोंबडीला सकाळचं ऊन लागतं आणि पावसाची झड पाठीवर जाते. वर माडाची झापं दुहेरी विणून, त्यावर पेंढा. बसायला आत आडवी दांडी हवी, ती मनगटाएवढी जाड आणि साल असलेली. गुळगुळीत बांबूवरून कोंबड्या रात्रभर घसरत राहतात आणि सकाळी चिडलेल्या असतात.

दारासाठी तिनं स्वतः एक फळी आणली, मोडलेल्या होडीची, माशाच्या तेलात मुरलेली. "हेका वाळवी लागाची नाय," म्हणाली. मग फटी तपासल्या. तिची रीत सोपी होती. "जंय तुझी दोन बोटां जातत, थंयसून मुंगूस जातलो." मी खुराड्याभोवती दोन बोटं घालत फिरले. अकरा ठिकाणी गेली. अकरा ठिकाणी चिखल आणि चिऱ्याचे तुकडे ठोकले. माझ्या हयातीत मुंगसानं माझी एकही कोंबडी नेली नाही. घारीनं पिल्लं नेली, ते वेगळं.

आत भुईवर राख आणि कोरडी वाळू, दर आठवड्याला बदलायची. दांडीच्या सांध्यांना करंजेल चोळायचं, म्हणजे पिसवा होत नाहीत. खायला भाताचा कोंडा, थोडी नाचणी, मूठभर सुका जवळा. अंड्याचं कवच मऊ पडायला लागलं की तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून घालायच्या. शिंपल्या आमच्याकडे परसात ढिगानं पडलेल्या असत, त्यांचा काही उपयोग असतो हे मला ठाऊक नव्हतं. आणि कोंबडी अंडी घालते त्या करंडीत नेहमी एक अंडं ठेवायचं. सगळी उचलली की कोंबडी रागावून दुसरीकडे घालायला जाते आणि मग शोधा माडांच्या आळ्यांत.

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास पहिलं अंडं मिळालं. ते हातात घेतलं तेव्हा अजून गरम होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे रोज दोन, कधी तीन. मुलगी हळूहळू भिंत सोडून चालायला लागली. ओटीपासून खळ्यापर्यंत जाऊन परत यायची आणि धापा टाकत माझ्याकडे बघायची. मी टाळ्या वाजवायची. ज्येष्ठात पाऊस लागला, ताप काही आला नाही. मी मनात म्हटलं, जिंकलं.

तिथेच चुकलं. माणसाला वाटायला लागलं की आपल्याला सगळं येतं, की तो बुडालाच समजा.

श्रावण लागला. आमच्या घरी श्रावण कडक. मासे नाहीत, मटण नाही, अंड्याचं नाव नाही. मुलीच्या अंड्याचा प्रश्न आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "औषद म्हणान दी. पण माझ्या चुलीर नको." मी मागल्या पडवीत तीन दगड मांडले आणि त्यावर वेगळ्या भांड्यात अंडं उकडायला लागले. मासेवालीचं येणंही थांबलं. श्रावणात आमच्या वाडीत तिची टोपली कोण उतरवणार?

घरात पावसाळ्यासाठी खाऱ्या बांगड्यांचं एक मडकं भरून ठेवलं होतं. आषाढात अर्धं संपलं. आता महिनाभर त्याला हात लागणार नव्हता आणि हवेनं मिठाला पाणी सुटून बांगडे लिबलिबीत होत चालले होते. टाकवेना. आमच्याकडे खारा बांगडा टाकणं म्हणजे पाप. मग मला वाटलं, कोंबड्यांना सुका जवळा चालतो, अंडी जास्त देतात म्हणून मावशीच घालायला सांगते, मग बांगडा का नाही चालणार? मासा तो मासाच की. मी चार बांगडे पाट्यावर ठेचले आणि कोंड्यात कालवले. कोंबड्या तुटून पडल्या. मला काय आनंद झाला!

त्यात तीन दिवस पावसाची अशी झड लागली की खळ्यात पाऊल टाकवेना. कोंबड्या आतच ठेवल्या. पाण्याचं भांडं सांडून भुई ओली होत होती, म्हणून मी ते बाहेर काढलं. चहूकडे पाणीच पाणी, ह्यांना पाण्याची काय कमी, असा विचार. दुसऱ्या दिवशीही बांगडा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंबडा आरवला नाही.

दार उघडलं तर तो कुशीवर मरून पडलेला. दोन कोंबड्या मेलेल्या, तिसरी मान टाकून बसलेली, चोचीतून पाण्याची तार लागलेली. उरलेल्या दोघी पाय ओढत दाराशी आल्या आणि खळ्यातल्या डबक्यात चोच घालून पीत राहिल्या, पीत राहिल्या. दुपारपर्यंत मान टाकलेली तिसरी गेली.

"मर इली," सासूबाई म्हणाल्या. कोंबड्यांत रोग शिरतो त्याला आमच्याकडे मर म्हणतात. "रवल्यात तेंकाव पुरून टाक. नायतर सगळ्या वाडीत जातली."

वाडीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारणीनं आपल्या कुंपणाला काट्या लावल्या, आमच्या खळ्यातलं कोणी तिच्याकडे जाऊ नये म्हणून. अंडं मागायला जायचं तर सोडाच, मी विहिरीवर गेले तरी बायका पदर सावरून बाजूला होत. माझ्या पायाला लागून मर त्यांच्या खुराड्यात जाईल, ही भीती. त्यांना तरी दोष कसा द्यावा?

घरात दोन अंडी होती. दोन दिवसांची. तिसऱ्या दिवशी मुलीनं पडवीत येऊन तीन दगडांकडे पाहिलं आणि विचारलं, "आये, आज अंडां नाय?" बाहेर पाऊस कोसळत होता आणि माझ्या कानांत डॉक्टरांचं वाक्य घुमत होतं.

त्याच दुपारी मावशी आली. डोक्यावर टोपली नव्हती, मासळी विकायला आलेली नव्हतीच ती. कुठून तरी तिच्या कानावर गेलं होतं. ती सरळ खुराड्याकडे गेली. दोघी उरलेल्या अजून जिवंत होत्या, पुरायला माझा हात वळला नव्हता. तिनं एकीला काखेत धरलं, चोच उघडून पाहिली, पोट चाचपलं. मग आत तशाच राहिलेल्या कोंड्याच्या परळातून चिमूटभर उचललं आणि चक्क जिभेवर ठेवलं. थू करून टाकलं.

"ह्यां काय घातलंस गो तेंका?"

"बांगडे," मी म्हटलं. "खारे."

"आणि पाणी?"

मी बाहेर काढून ठेवलेल्या भांड्याकडे बोट केलं.

"गो बाये माझे," ती मटकन पायरीवर बसली. "मर नाय, काय नाय. मीठ बाधलां हेंका. कोंबडेक मीठ म्हणजे ईख. सुको जवळो येगळो, तेका मीठ नसता. तुका मीच सांगूक व्हयां हुता."

"मीच सांगायला हवं होतं," असं ती म्हणाली. चूक माझी धडधडीत आणि ती आपल्या पदरात घेऊन मोकळी झाली! त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. लाज वाटली.

मग तिनं उपाय सांगितला. गोडं पाणी, पण एकदम नाही. घटकेघटकेनं वाटीभर द्यायचं आणि वाटी काढून घ्यायची. एकदम भसाभसा प्यायल्या तर त्यानंही मरतात. नुसता भिजवलेला कोंडा, दुसरं काही नाही. मी दोन दिवस वाटी घेऊन बसले. दोघी जगल्या. पण अंडी मात्र बंद झाली, आणि इतका धसका बसल्यावर दीड-दोन महिने घालणार नाहीत, हे तिनंच सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. पदराच्या गाठीतून एक अंडं काढून तिनं माझ्या हातावर ठेवलं.

"माझ्या कोंबड्यांचा आसा. घे."

"मावशे, तुझ्याकडे कोंबड्यो आसत?"

"आसत गो. खूप आसत."

त्यानंतर ती रोज आली. आमच्या घरापासून समुद्र दोन कोसांवर, वाटेत एक वहाळ, पावसात कमरेपर्यंत पाणी. टोपली नाही, मासे नाहीत, कोणी गिऱ्हाईक नाही, तरी रोज एक अंडं. कधी पांढरं, कधी तांबूस, कधी अगदी लहान. मी म्हणायचीसुद्धा, "मावशे, तुझ्यो कोंबड्यो तरी किती जातीच्यो!" ती हसायची. पैसे देऊ केले तर म्हणायची, "श्रावण सरांदे." सासूबाई तिच्यासाठी चहा टाकायच्या. श्रावणात, आमच्या पडवीत, मासेवालीला चहा. आमच्या घरात हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

गणपतीला नवरा मुंबईहून आला. मी पत्रातून त्याला मुलगी बरी आहे एवढंच कळवलं होतं. तो कुंपणाचं बेडं ओलांडून खळ्यात आला तेव्हा मुलगी ओटीवरून उतरून एकटी त्याच्याकडे चालत गेली. तो तिथेच खाली बसला.

गणपती गेले, मासे सुरू झाले. मावशी पुन्हा टोपली घेऊन येऊ लागली, पण आता उशिरा यायची, आणि येईपर्यंत टोपलीचा तळ दिसत असायचा. चांगली मासळी आधीच कुठेतरी संपलेली. मी एक-दोनदा कुरकुरले. "चांगला चांगला दुसऱ्यांक आणि उरला-सुरला आमका?" असंही म्हणून गेले. हे मी आज लिहिते आहे आणि जीभ चावते आहे.

वाचलेल्या दोघींपैकी एक दसऱ्यानंतर खुडूक झाली. मावशीनंच कोंबडा असलेल्या घरांतली अंडी आणून तिला त्यांवर बसवून दिली. अकरा अंडी, कारण अंडी नेहमी विषम मांडायची. आठव्या दिवशी एकेक अंडं मुठीत धरून उन्हाकडे बघायचं. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवायचं, नितळ दिसलं तर काढून घ्यायचं. नऊ पिल्लं निघाली. दोन घारीनं नेली, सात वाढली. होळीपर्यंत त्यांतल्या माद्यांच्या तलंगा झाल्या, अंड्यावर यायच्या बेतातल्या, पिसं चकाकायला लागली.

त्यांतल्या दोन उत्तम तलंगा मी निवडल्या. पैसे ती घेत नव्हती, पण कोंबडीला नाही म्हणणार नाही असं मला वाटलं. तिच्या घरी आमच्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं. तशी रीतच नव्हती, ती आमच्या पायरीवर यायची एवढंच. पण मी मुलीचं बोट धरलं, तलंगा करंडीत घातल्या आणि चालत निघाले. अर्धी वाट मुलगी आपल्या पायांनी चालली.

विचारत विचारत गेले. घर अगदी दर्याच्या कडेला, आणि घराला लागून मासळी खारवायची पिंपं, ओळीनं. वाळूत मीठ सांडलेलं, चटयांवर खारा बांगडा पसरलेला. ती घरात नव्हती. शेजारच्या बाईनं माझ्या करंडीत डोकावून विचारलं, "ह्यो कोणाक?"

"मावशेक. तिच्या कोंबड्यांत सोडूक."

ती बाई हसायला लागली. "हिच्याकडे कोंबड्यो? वयनी, हंय कोंबडी जगता होय? पिंपाकडे चोच घातल्यान काय मेली. नवीन लगीन होवन इली तेव्हा हाडलेल्यो तिना माहेरसून, आठ दिवसांत सगळ्यो गेल्यो. तेच्यानंतर ह्या घराकडे कोंबो आरडलो नाय."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, तसं ते माझ्यापुढे उजाडलं. तेवढ्यात मावशी रिकामी टोपली घेऊन आली. मला पाहून तिचा चेहरा उतरला, चोरी पकडल्यासारखा.

"मावशे," मी म्हटलं, "ती अंडी खंयची?"

"खाल्लान मा चेडवान? मगे झाला तां," ती चिडून म्हणाली. पोरीनं खाल्लं ना, मग झालं, एवढंच तिचं म्हणणं. मी हललेच नाही, तेव्हा सांगावंच लागलं. श्रावणात घरोघर अंडी पडून असायची. ती दारोदार जाऊन रोज एक मागून घ्यायची, कोणासाठी ते न सांगता, कारण आमच्या घरचं नाव निघालं असतं तर मरच्या भीतीनं कोणी दिलं नसतं. बदल्यात कबूल केलं होतं की गणपतीनंतर मासळी देईन. आणि ती त्याप्रमाणे एकेका दारी मासळी देत देत आमच्याकडे पोचायची. म्हणून तळ दिसायचा. मी ज्यावर कुरकुरले होते तो माझ्याच मुलीच्या अंड्यांचा मोबदला होता.

मी तिथे वाळूत उभी राहून रडले. तिला ते मुळीच आवडलं नाही. "गप गो, लोकां बघतत," म्हणाली आणि मुलीला आत नेऊन तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तिच्या घरात बसून काळा चहा प्यायले.

तलंगा तिथे ठेवणं शक्यच नव्हतं. परत आणल्या. पण मी बजावून आले, की या दोन तुझ्याच, राहतील माझ्या खुराड्यात, अंडं मात्र तुझं. पुढच्या महिन्यात त्यांतल्या एकीनं पहिलं अंडं घातलं. मावशी सकाळी आली तेव्हा मी ते तिच्या टोपलीत केळीच्या पानावर ठेवलं. तिनं ते उचललं, मुठीत धरून उन्हाकडे पाहिलं, आणि माझ्या मुलीला हाक मारली. पोर खळ्यातून धावत आली. मावशीनं अंडं तिच्या ओंजळीत ठेवलं.

"मावशे, तां तुझां आसा!" मी म्हटलं.

"माझां मा?" टोपली डोक्यावर चढवत ती म्हणाली. "मगे माका व्हया तेका मी देयन."